खाण्याचा हनिमून

हनिमूनचं बुकिंग करायला आलेल्या मुलीशी मी सगळ्यात आधी बोलायचे ते तिच्या आडनावाबद्दल. तिकीट पासपोर्टवर जे नाव असेल त्याच नावाने निघतं, म्हणजे माहेरच्या. नवं आडनाव लावून उडायचं असेल तर आधी लग्न, मग नोंदणीचा दाखला, मग नवा पासपोर्ट, आणि एवढं होईपर्यंत हनिमूनची हौस बरीचशी फिटलेली असते. एका सासूबाईंनी यावरून मला "तुमी फार जुन्या विचारांच्या दिसता" असं ऐकवलं होतं. विमान कंपन्यांचे विचार मला माहीत नाहीत, नियम माहीत आहेत.

नेरूळला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं ऑफिस होतं. डावीकडे रक्ततपासणीची लॅब आणि उजवीकडे फरसाणवाला. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन निघालेली माणसं फरसाणाकडे जाताना माझ्या काचेवरचे निळे समुद्र बघायची आणि त्यातली काही आत यायची. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशी आलेली आहेत. यंदा ते ऑफिस मी बंद केलं. गुडघे दुखायला लागले आणि तिकिटं लोक फोनवरच काढायला लागले, ही दोन्ही कारणं खरी आहेत.

बाहेरच्यांना वाटतं, ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकीट आणि हॉटेल. ते आता कोणीही करतं. आम्ही विकत होतो ती वेगळी गोष्ट. परक्या गावात काही बिनसलं तर फोन उचलणारं माणूस. त्यासाठी प्रत्येक देशात आमचा एक तिथला एजंट असतो. गाडी, गाइड, खोली सगळं तो बघतो. गिऱ्हाईक त्याला ओळखत नाही आणि पुष्कळदा आम्हीही त्याला पाहिलेलं नसतं. व्हिएतनाममध्ये माझी अशी एक बाई होती, लिन नावाची. आठ वर्षं आम्ही एकमेकींशी मोडक्या इंग्रजीत बोलत होतो. तिच्या मुलाच्या परीक्षा मला पाठ होत्या, पण ती रस्त्यात समोर आली तर मी ओळखणार नाही.

आमच्या धंद्यातला दुसरा भाग म्हणजे गुपितं. हनिमूनवाले पहिल्यांदा जोडीने येतात आणि मग एकेकटे. मुलगा येऊन विचारतो, बायकोला कळू न देता थोडं स्वस्त हॉटेल बसेल का. मुलगी येऊन बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेनशी खेळते आणि विचारते, पहिले दोन दिवस वेगवेगळे पलंग मिळतील का. ठरवून झालेली लग्नं असतात, माणूस अजून नवा असतो. असे पलंग मी दिलेले आहेत. हॉटेलची चूक झाली असं दाखवायचं, नवरा रिसेप्शनवर जरा आवाज चढवतो, तिसऱ्या दिवशी खोली बदलून मिळते. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कधी कळलं नाही, याचा मला अभिमान होता. तुषार आणि स्नेहलच्या वेळेपर्यंत होता.

तुषार आला तो लॅपटॉप घेऊनच. त्याचे वडील साताऱ्याकडचे. एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटात मापाडी म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. तुषार स्वतः एका मालवाहतूक कंपनीत चांगल्या नोकरीला होता आणि खारघरला फ्लॅट घेतलेला होता. बरोबर स्नेहल होती, नेरूळचीच, मूळ गाव देवगडकडे. ती बँकेत होती. लग्न डिसेंबरात ठरलं होतं. कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे पलंगाचा प्रश्न येणार नाही असं मी मनात धरलं.

"मॅडम, आमाला बीच नको, शॉपिंग नको," तुषार म्हणाला. "आमाला खायचंय."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक लांबच लांब तक्ता होता. पदार्थ, गाव, दुकान, कोणत्या वेळी मिळतो, किती गर्दी असते. व्हिएतनाममध्ये हानोईचं फो, म्हणजे नूडल्सचं सूप, सकाळी सहाला. ह्वेचं तिखट सूप. होई आनचे नूडल्स. मग मलेशियात पेनांग, तिथले चार-पाच प्रकार. एकूण एक्केचाळीस पदार्थ. आठ दिवसांत.

"हे सगळं कधी जमवलंत?" मी विचारलं.

"पाच वर्षं झाली. हिच्यामुळेच नाद लागला. आमी वाशीला, बेलापूरला, कुठं कुठं खात फिरायचो. ही नुसतं गाडीजवळ गेली की सांगायची, इथं तेल कालचं आहे, पुढं चल. एकदा बिर्याणीत केवडा कोणता घातलाय ते सांगितलं, भटारी बाहेर येऊन बघून गेला."

स्नेहल हसली. "अरे, किती सांगशील," एवढंच म्हणाली.

मी चहा मागवला होता. एक घोट घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की दूध नासायला लागलं आहे. तुषारने कप खाली ठेवला आणि विषय बदलावा तसा रुमाल काढला. मी माफी मागून दुसरा चहा सांगितला. स्नेहलने तोवर आपला कप संपवला होता. सासरच्या माणसांसमोर नाव न ठेवणाऱ्या मुली असतात, तसलं काही असेल, असं मला वाटलं. जाताना ती एकच वाक्य बोलली. "मॅडम, प्रवास जरा कमी असला तर बरं."

चार दिवसांनी दुपारी ती एकटी आली. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत आली होती. गळ्यात ओळखपत्र तसंच. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमी हे तुषारला सांगणार नाही ना?"

"सांगत नाही."

"मला वास येत नाही."

मला आधी सर्दीच वाटली.

"कोविडनंतर गेला. दुसऱ्या लाटेत मला आणि आईला झाला होता. आईचा महिन्याने परत आला, माझा नाही आला. अडीच वर्षं होतील. डॉक्टर झाले, औषधं झाली. चार बाटल्या दिल्यात, लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. रोज दोनदा हुंगायच्या. मी हुंगते. चारही बाटल्यांत पाणी असल्यासारखं."

"आणि चव?"

"तीच तर गंमत आहे. खारट, गोड, आंबट, कडू, एवढं कळतं. तिखट पोळतं ते कळतं. बाकी काही नाही. आंबा आणि पपई मला सारखेच. डोळे मिटले तर आमटी आहे की सांबार ते सांगता येत नाही."

मी विचारलं, तुषारला कसं कळलं नाही. इतकी वर्षं बरोबर खाणारा माणूस.

ती गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "तो पहिला घास घेतो ना, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघते. भुवया वर गेल्या की भारी. डावा गाल आत ओढला की मसाला जास्त झाला. मग तो विचारतो, कसं आहे? मी तेच सांगते. तो म्हणतो, बघ, मला पण तेच वाटलं."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. बँकेतलं काम समजावून सांगावं तसं तिने सांगितलं.

"मग सांगून का नाही टाकत? हा काही तुमचा दोष नाही."

"सुरुवातीला वाटलं, येईल आठ दिवसांत. मग महिन्यात येईल. सहा महिने झाल्यावर कसं सांगणार, की सहा महिने खोटं बोलत होते? आता तर आईच म्हणते, लग्न होऊ दे. त्याच्या घरच्यांना वाटेल, काहीतरी लपवून दिली. आणि मॅडम, त्याला मी आवडले ती यामुळेच. तुमी तक्ता बघितला ना? तो मी नसते तर झाला नसता. आता तो तक्ता घेऊन मी आठ दिवस काय करू? एक्केचाळीस वेळा त्याच्या तोंडाकडे बघू?"

तिचं म्हणणं होतं, मी काहीतरी कारण काढून खाण्याची ठिकाणं कमी करावीत. बंद आहे, आजकाल चांगलं राहिलेलं नाही, असं काहीही. त्याऐवजी देवळं, डोंगर, होडी घालावी.

मी तिला म्हटलं, खोटं मी सांगणार नाही, पण कार्यक्रम कसा बसवायचा ते माझ्या हातात आहे. हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. वेगवेगळे पलंग मिळवून देणाऱ्या बाईला शोभणारं.

तेव्हाच मी तिला विचारलं, "खाताना मजा कशाची येते अजून?"

तिने खरोखर विचार केला. "पापडाची. भाजलेल्या. कुरकुरीत काहीही. बर्फाचा गोळा. कैरी. गरम आणि गार एकत्र असेल तर. चिकट, ताणलं जाणारं. हाताने खायचं असेल तर जास्त."

मी ते लिहून घेतलं आणि पुढचे आठ दिवस त्या कागदावर काम केलं. इतक्या वर्षांत मी एवढं बारकाईने काही आखलेलं नाही. पेनांग काढून टाकलं. आठ दिवसांत दोन देश म्हणजे निम्मा वेळ विमानतळावर, हे खरंच होतं आणि तुषारला पटलं. हानोई काढलं, कारण तिथला त्याचा अर्धा तक्ता सूप आणि रश्शांचा होता. भांड्यावर वाकून वाफ नाकात घ्यायची, मग पहिला चमचा. मधल्या भागात, दा नांग आणि होई आनच्या आसपास, एकाच पट्ट्यात सगळं बसवलं. मुंबईहून थोडा प्रवास आणि तिथे रोज सामान बांधायचं नाही. स्नेहलने तुषारसमोर मागितलं होतं तेही हेच.

लिन त्याच भागातली. तिला मी लिहिलं की मला असे पदार्थ सांग जे दातांना आणि जिभेला कळतील. वासाचं कारण मी तिलाही सांगितलं नाही. ती यादी पाठवत गेली. तांदळाच्या पिठाचं, हळदीने पिवळं केलेलं, आपल्या घावनासारखं पण कडकडीत धिरडं, तोडून पानात गुंडाळून हाताने खायचं. निखाऱ्यावर भाजलेला तांदळाचा पापड, त्यावर अंडं फोडलेलं. जाड, चिवट नूडल्स आणि वर तळलेले कुरकुरीत तुकडे. कच्च्या आंब्याची कोशिंबीर. बर्फाच्या भुग्यात घातलेल्या गोड डाळी आणि जेली. मी प्रत्येक पदार्थाला विचारायचे, चावायला कसा आहे, गार की गरम, आवाज येतो का. शेवटी तिने विचारलं, "तुमचे कस्टमर दातांचे डॉक्टर आहेत का?"

तुषारचे चौदा पदार्थ मी राहू दिले. त्याला वाईट वाटू नये आणि संशयही येऊ नये म्हणून. त्याने एकच हट्ट धरला. होई आनला हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं. "मॅडम, मी मार्केटातल्या माणसाचा मुलगा आहे. परदेशातलं मार्केट नुसतं बघून कसं येणार? मासे आणणार, भाजी आणणार, आमी दोघं मिळून करणार." मला ते आवडलं. चिरणं, सोलणं, हाताने करण्याचं काम स्नेहलला जमेल असं वाटलं. लिनने एका भाताच्या शेताशेजारचं छोटं घर सुचवलं, फोटो पाठवले. स्वच्छ ओटा, खिडकीत कुंड्या, दोन बर्नरची गॅसशेगडी. मीच दोघांना ते फोटो दाखवले आणि शेगडीवर बोट ठेवून म्हटलं, "बघा, तुमचं राज्य."

स्नेहल म्हणाली, "छान आहे."

मी इतके दिवस तिच्या जिभेचा विचार करत होते, दातांचा करत होते. नाक राखण करतं, दूध उतू गेलं, काही जळलं, गॅस सुटला, हे घरात सगळ्यात आधी नाकाला कळतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. स्नेहलच्याही आली नाही. माहेरी तिची आई होती, आईचं नाक होतं. तिला स्वयंपाकघरात एकटं उभं राहायची वेळच आलेली नव्हती.

लग्न झालं. मी जेवायला गेले होते. पंगतीत तुषार तिला भरवत होता आणि तिने त्याच्या तोंडाकडे बघितलेलं मी बघितलं.

पहिले चार दिवस फोटो येत होते. पिवळं धिरडं हातात धरलेली स्नेहल. बर्फाचा मोठा पेला. खाली तुषारची टीप, "हिला हे सगळ्यात आवडलं. मॅडम मानलं तुमाला." मी ते फोटो शेजारच्या लॅबमधल्या मुलींनाही दाखवले. कारण सांगता येत नव्हतं, पण कौतुक करून घ्यायचं होतं.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला तुषारचा फोन आला. तिथे साडेबारा वाजले असतील. त्याचा आवाज अगदी सरळ होता.

"मॅडम, एक विचारतो. खरं सांगा. स्नेहलला वास येत नाही हे तुमाला माहीत होतं?"

अशा वेळी काय करायचं याची मला सवय होती. समोरचा कितपत जाणतो ते बघायचं, हॉटेलवर ढकलायचं, वेळ काढायचा. त्यातलं काही सुचलं नाही.

"हो," मी म्हटलं. "काय झालंय?"

काय झालं होतं ते त्याने दोन-तीन वाक्यांत सांगितलं. सकाळी तो एकटाच मासे आणायला गेला. स्नेहलने खिडक्या लावून एसी चालू केला आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालू राहिला. ती तिथेच टेबलाशी बसून आईला फोटो पाठवत होती. डोकं जड झालं तर तिला वाटलं, ऊन लागलं असेल. मग चहा अजून का होत नाही म्हणून ती उठली, वाकून बघितलं, ज्योत दिसली नाही. तिने लायटर उचलला. तुषार तेव्हा दारात येऊन चपला काढत होता. दाराच्या फटीतून त्याला वास आला. तो ओरडला, आत धावला, तिच्या हातावर फटका मारून लायटर पाडला, गॅस बंद केला आणि तिला ओढत शेतापर्यंत नेलं.

"मी तिला विचारलं, तुला एवढा वास आला नाही? तर ती म्हणाली, नाही आला. अडीच वर्षं नाही येत. मॅडम, तुमी ते घर मला दाखवलंत. शेगडी दाखवलीत."

मी कॉम्प्युटरवर त्यांचं बुकिंग उघडलं.

"परतीचं तिकीट बघा," तो म्हणाला. "उद्याचं."

"एक की दोन?"

हा प्रश्न क्रूर वाटेल, पण माझ्या धंद्यात तो विचारावाच लागतो.

"सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी आधी डॉक्टरचं विचारायला हवं होतं, ते फोन ठेवल्यावर सुचलं. लिनला फोन लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला खरं सांगितलं. ती एक शब्द जास्त बोलली नाही. अर्ध्या तासात तिने डॉक्टर नेला, स्नेहलला काही झालेलं नाही असं कळवलं, आणि दोघांचं सामान एका हॉटेलात हलवलं, जिथे खोलीत किटलीखेरीज काही नव्हतं. मग मी उद्याच्या विमानात दोन जागा धरल्या. अशा जागा काही तास धरून ठेवता येतात. माझी मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. तोवर एक हवी का दोन हे कळलं नाही तर दोन्ही सुटणार होत्या.

दिवसभर माझी दुसरी कामं झाली. एका काकांना चारधामचं सगळं समजावून सांगितलं, ते उद्या येतो म्हणून गेले. चार वाजता मी तुषारला निरोप पाठवला की मुदत सहाची आहे. त्याने तो वाचला, उत्तर दिलं नाही. पाच वाजता लिनला विचारलं. ती म्हणाली, दोघंही खोलीतून बाहेर आले नाहीत, मी आता त्यांना जेवायला नेते, सकाळपासून उपाशी आहेत. मी म्हटलं, आज नको, त्यांना एकटं राहू दे. लिन म्हणाली, "माझ्या गावात भुकेल्या माणसांना भांडू देत नाहीत."

सहाला पाच मिनिटं कमी असताना स्नेहलचा निरोप आला. "मॅडम तिकीट नको."

मी जागा सोडून दिल्या आणि दिवा न लावता तशीच बसून राहिले. फरसाणवाला विचारून गेला, बरं वाटत नाही का.

त्या संध्याकाळचं मला नंतर स्नेहलकडून कळलं. लिन त्यांना आपल्या मावशीच्या खानावळीत बसवून निघून गेली. तेच पिवळं धिरडं समोर आलं. तुषारने हात लावला नाही. तो म्हणाला, "अडीच वर्षं मी तुला विचारत होतो, कसं लागलं. तू सांगत होतीस. ते कोणाचं होतं?"

"तुझंच," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावरून वाचायचे."

"म्हणजे मी एकटाच खात होतो."

लिनची मावशी गिऱ्हाईक खात नाही म्हणून येऊन उभी राहिली. भाषा येत नाही, त्यामुळे मावशीला काही सांगताही येईना. शेवटी मावशीनेच एक तुकडा तोडला, पानात गुंडाळला आणि तुषारच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि स्नेहलपुढे धरला. तिने खाल्ला. सवयीने त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मान फिरवून रस्त्याकडे तोंड केलं होतं.

"आता सांग," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

स्नेहल म्हणाली की तिला भीती वाटली, परीक्षेला बसल्यासारखी. मग तिने जे कळलं ते सांगितलं. वरचं कडक आहे, मोडताना कानात आवाज होतो. आत मऊ. कोळंबी दाताखाली तटकन तुटते. पान गार आहे आणि मधलं गरम, ते दोन्ही एकदम येतं. आंबट आहे. मिरची उशिरा लागते, घशाजवळ. बाकी काही नाही. बाकी रिकामं आहे.

तुषारने मान न वळवता विचारलं, "हे आवडतं का तुला?"

"हे आवडतं," ती म्हणाली. "कालचं सूप नाही आवडलं. खारट गरम पाणी होतं."

मग त्याने तोंड वळवलं. कालच्या सुपाचं तिने त्याच्यापुढे तोंडभरून कौतुक केलं होतं. तो हसला नाही, पण जेवला. उरलेल्या तीन दिवसांत ते माझ्या आखलेल्या कार्यक्रमाप्रमाणे फिरले नाहीत. कुठे गेले, काय खाल्लं, मला माहीत नाही. फोटो आले नाहीत.

परत आल्यावर आठवड्याने तुषार ऑफिसात आला. बदललेल्या हॉटेलची कागदपत्रं द्यायची राहिली होती, ती त्याने टेबलावर ठेवली. बसा म्हटलं तर बसला नाही.

"तुमी मला सांगायला पायजे होतं," तो म्हणाला.

"ती तुमच्या दोघांतली गोष्ट होती. तिने विश्वासाने सांगितलं होतं."

"ठीक आहे. नाही सांगितलंत. पण गॅस असलेलं घर द्यायचं नाही, एवढं तर तुमाला करता आलं असतं. मला कारणही सांगायला लागलं नसतं. मी विचारलंही नसतं."

हे त्याचं बरोबर होतं. गुपित राखून तिला वाचवणं, दोन्ही माझ्या हातात होतं. मी फक्त गुपित राखलं, कारण त्यात मी तरबेज होते. तसं मी त्याला म्हटलं. म्हणजे एवढं सगळं नाही, "चुकलं माझं" एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला. काचेचा दरवाजा त्याने आपटला नाही, हळूच लावला. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी हनिमूनवाल्यांना एक प्रश्न विचारायला लागले, दोघं समोर बसलेले असताना. तब्येतीचं काही आहे का, डोळे, कान, नाक, श्वास, झोपेत चालणं, काहीही. हसतात बहुतेक जण. एकदा एका मुलाने हळूच सांगितलं की त्याला फिट येतात, आणि त्याची होणारी बायको म्हणाली, मला माहीत आहे, तुझ्या बहिणीने सांगितलं. मी त्यांना समुद्राऐवजी डोंगराकडचं हॉटेल दिलं आणि एकट्याने पोहायला जायचं नाही असं व्हाउचरवर लिहून दिलं. पण ज्यांना लपवायचंच असतं ते लपवतात. पलंगासाठी अजूनही मुली एकट्या यायच्या आणि मी द्यायचे. मात्र त्या खोलीचा फोटो मी तीन-तीनदा बघायचे.

तुषार-स्नेहल खारघरलाच राहतात. घरात विजेची शेगडी आहे. स्नेहलचा वास परत आलेला नाही, बाटल्या हुंगणं तिने सोडून दिलं. तिचा अधूनमधून फोन येतो. ऑफिस बंद करते आहे हे कळल्यावरही आला. त्याच फोनवर तिने सांगितलं की धाकट्या दिराचं लग्न ठरलंय आणि हनिमूनचं बुकिंग तुषारने वाशीच्या दुसऱ्या एजंटकडे केलंय.

"तो अजून रागावलाय तुमच्यावर," ती म्हणाली.

"आणि तुझ्यावर?"

"माझ्यावरचा तिथंच संपला. पण मॅडम, एवढा मोठा राग होता, कुठंतरी ठेवायला लागणार ना त्याला."

मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे.